काटा पावच्या खाली गेला की गाडी झटके मारते: पंप बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ३७ लिटरची टाकी. पेट्रोलचा काटा पाव टाकीच्या खाली गेला की चढावर आणि वळणावर, त्यातही डावीकडे वळताना, इंजिन झटके मारतं आणि कधीकधी बंदच पडतं. दोन मिनिटं थांबून चावी मारली की पुन्हा चालू होतं. टाकी भरली की काही त्रास नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं, फ्युएल पंप गेलाय, बदलून टाका. बदलावा का?

एवढ्यात बदलू नका. टाकी भरलेली असताना पंपाची तीच मोटर, तेच वायरिंग आणि तोच फिल्टर इंजिनाला पुरेसं पेट्रोल देतात. बदलली आहे ती फक्त टाकीतली पातळी. त्यामुळे संशय आधी पातळीशी ज्यांचा संबंध आहे अशा भागांवर घ्यायचा. आणि दुसरं, ‘पेट्रोल कमी होतं म्हणून बंद पडली’ हे निदान नव्हे. धडधाकट गाडी शेवटच्या दीड-दोन लिटरपर्यंत वळणावर न अडखळता चालली पाहिजे. टाकीच्या आतली रचना त्यासाठीच केलेली असते. ती अडखळत असेल तर त्या रचनेतलं काहीतरी बिघडलेलं आहे, आणि नेमकं काय ते शोधून काढता येतं.

आधी टाकीत काय घडतं ते आकड्यांत बघू. मागच्या सीटखालची टाकी साधारण ६० सेंमी रुंद आणि ५० सेंमी लांब धरली (खऱ्या टाकीचा तळ इतका सपाट नसतो, पण अंदाजाला पुरे), तर तळाचं क्षेत्रफळ ३००० चौ. सेंमी. म्हणजे ३ लिटर पेट्रोल फक्त १ सेंमी उंच उभं राहतं. काटा लाल रेषेजवळ असताना जे ६ लिटर उरतात, त्यांची खोली जेमतेम २ सेंमी. आता गाडी जोरात वळली आणि बाजूचा झोक ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ओढीच्या ०.४ पट) इतका झाला, तर पृष्ठभाग दर १० सेंमीला ४ सेंमी तिरपा होतो. ते ६ लिटर वळणाच्या बाहेरच्या बाजूला २४-२५ सेंमी रुंदीत गोळा होतात आणि उरलेली ३५ सेंमी रुंदी कोरडी पडते. टाकीच्या मध्यावर बसवलेल्या पंपाच्या पायाखाली त्या क्षणी काहीच नसतं. चढाचं गणित सौम्य असतं. १० ला १ या चढावर तेवढंच पेट्रोल असताना टाकीची पुढची ५ सेंमीच उघडी पडतात. ३ लिटर उरले असतील तर १८ सेंमी. मात्र वळण चार सेकंदांत संपतं आणि ताम्हिणीचा किंवा आंबोलीचा चढ कितीतरी वेळ चालतो. हा फरक पुढे निदानात उपयोगी पडणार आहे.

पंप उघडा पडू नये म्हणून तो थेट टाकीत सोडलेला नसतो, तर प्लॅस्टिकच्या एका कपात बसवलेला असतो. कपात साधारण अर्धा लिटर किंवा थोडं जास्त पेट्रोल मावतं. मोटर, तळाची जाळी, प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा भाग), बऱ्याच गाड्यांत मुख्य फिल्टर आणि काट्याचा फ्लोट, हे सगळं मिळून जी असेंब्ली होते तिला मॉड्यूल म्हणतात. रेग्युलेटर मॉड्यूलमध्येच असेल तर पंपानं उपसलेलं जास्तीचं पेट्रोल पुन्हा त्याच कपात पडतं, त्यामुळे कपातून खऱ्या अर्थानं कमी होतं ते इंजिनानं जाळलेलं तेवढंच. हायवेला १०० च्या वेगानं १७ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० मिली. घाटात दुप्पट धरा. तरीही भरलेला कप दोन मिनिटांहून जास्त पुरतो. म्हणून चार सेकंदांच्या वळणात इंजिन अडखळलं, तर कप त्याआधीच रिकामा किंवा अर्धवट होता, किंवा तो पेट्रोल धरून ठेवत नाही, हा पहिला संशय.

कप भरण्याचे मार्ग तीन. टाकीतली पातळी कपाच्या काठाच्या वर असेल तर पेट्रोल आपोआप आत पडतं. पातळी काठाखाली गेली की तळाशी असलेल्या रबरी झडपेतून ते आत येतं. ही झडप आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही. पण झडपेतून कप फक्त बाहेरच्या पातळीइतकाच भरतो. बाहेर २ सेंमी तर आत २ सेंमी. त्याच्यावर काठोकाठ भरायचं काम जेट पंपाचं. पंपानं दाबलेल्या पेट्रोलचा थोडा भाग एका बारीक छिद्रातून, मिलिमीटरभराच्या किंवा त्याहूनही लहान, जोरात सोडलेला असतो. त्या धारेच्या ओढीनं टाकीतलं पेट्रोल कपात खेचलं जातं. यात हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे जेट झिजत नाही. तो बंद होतो तो कचऱ्यानं.

यातून लक्षणांचा उलगडा होतो. जेट बंद आहे पण झडप शाबूत आहे, अशा गाडीत कपात दीड-दोनशे मिली तरी अडकून राहतं. ती छोट्या वळणांवर तग धरते आणि लांब चढावर मिनिटा-दोन मिनिटांनी बसते. झडप फाटलेली, वाकडी बसलेली किंवा कपाला तडा गेलेला असेल तर उलट होतं: वळण घेतलं की कपातलं पेट्रोल बाहेर ओघळतं, झटका लगेच बसतो आणि गाडी सरळ झाली की लगेच सावरते. उतारावर रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी चालू होऊन काही सेकंदांत बंद पडत असेल तर तिथेही आधी झडपेकडे बघा. डावीकडे वळताना पेट्रोल उजवीकडे धावतं. त्रास फक्त डाव्या वळणाला असेल तर मॉड्यूल टाकीच्या डाव्या बाजूला आहे की नाही ते सीट उचलून बघून घ्या. जुळलं तर इंजिनाला पेट्रोल मिळत नाही या शंकेला चांगलं बळ मिळतं.

हत्यार उचलण्याआधी काट्याची साक्ष तपासायची. हे काम फुकटातलं आहे आणि बहुतेक लोक हेच टाळतात. फ्लोटची दांडी वाकली असेल किंवा तिच्या खालची रेझिस्टन्सची पट्टी झिजली असेल तर काटा पाव दाखवतो आणि टाकीत दोन लिटर असतात. टाकीचा तळ दगडावर किंवा स्पीडब्रेकरवर आपटून आत गेला असेल तर टाकीचं माप आणि फ्लोटचा हिशोब, दोन्ही बिघडतात. त्रास झाल्या झाल्या जवळच्या पंपावर टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. ३७ लिटरच्या टाकीत ३५ लिटर बसलं तर तुमची गाडी खरोखरच कोरडी पडत होती आणि दोष काट्याचा आहे. २८-२९ लिटर बसलं तर काटा बरोबर आहे आणि पुढची तपासणी करायची. असं दोनदा करून बघा, कारण ऑटो-कट दर वेळी नेमक्या त्याच जागी होत नाही.

मग त्रास हुकमी घडवून आणायचा, पण तो घाटात नाही. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला बूस्टरची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. रिकामं, सपाट मैदान शोधा. १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी २५ किमी वेगानं गाडी फिरवली की बाजूचा झोक बरोबर ०.४ जी च्या आसपास येतो. एक फेरी ११ सेकंदांची. तीन फेऱ्या डावीकडून, तीन उजवीकडून. मग डिकीत आणलेलं ५ लिटर पेट्रोल ओतून तशाच फेऱ्या पुन्हा. चढाची परीक्षा सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर होते: हँडब्रेक ओढून, चाकांना उटी लावून, नाक वर ठेवून इंजिन पाच-सात मिनिटं दीड-दोन हजार आरपीएमवर चालू ठेवायचं. मात्र रॅम्प उघड्यावर असला तरच. बंद तळघरात एक्झॉस्टचा धूर साचतो.

या फेऱ्या प्रेशर गेज लावून केल्या तरच त्यांना अर्थ आहे. सगळ्या तपासणीत निर्णय देणारी वस्तू हीच. बऱ्याच गाड्यांच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावायला व्हॉल्व्ह नसतो, म्हणून क्विक कनेक्टरचा टी अ‍ॅडॉप्टर लागतो. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारायचा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. तरी जोड सोडताना कापड गुंडाळायचंच. लांब होजचं गेज बॉनेटमधून काचेवर आणून टेपनं चिकटवा. पेट्रोलचा होज गाडीच्या आत कधीही आणायचा नाही. गाडी चालवणारा एक, गेजकडे बघणारा दुसरा.

मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत प्रेशर साधारण ३ ते ४ बारमध्ये असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्यायचा. आकड्यापेक्षा सुई कशी हलते ते महत्त्वाचं. झटका बसण्याच्या अर्धा-एक सेकंद आधी सुई थरथरून ३ वरून दीडपर्यंत कोसळली आणि गाडी सरळ होताच परत ३ वर गेली, तर पंपानं हवा ओढली. चढावर सुई हळूहळू, मिनिटभरात उतरत गेली तर कप रिकामा होत चाललाय. आणि इंजिन मिसिंग करत असताना सुई ३ वर ठाम राहिली, तर इंधनाचा विषय तिथेच संपला. इंजिनाच्या हालचालीबरोबर ताणला जाणारा वायरिंगचा जोड, क्रँक सेन्सर, कॉइल हे बघायला घ्या. टाकीच्या पातळीशी जुळलेला योगायोग असू शकतो. लोक टाकी भरतात ती बहुधा शहरात, आणि घाटात पोहोचेपर्यंत ती उतरलेली असते.

स्कॅनरवर काय दिसतं? पेट्रोल कमी पडलं की फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती, अधिककडे सरकतो. आयडलवर ट्रिम जवळपास शून्य आणि लोड आला की +१५, +२० कडे, हे पुरवठा तोकडा असल्याचं लक्षण. याउलट आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल तर मॅनिफोल्डला हवेची गळती शोधा. पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, मिळाला तर मदतच होते. पण कोड नाही म्हणून दोष नाही असं मानू नका. टाकी १५ टक्क्यांच्या खाली गेली की अनेक गाड्यांचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिसफायरची नोंद मुद्दाम थांबवतो. नेमका तुमचा त्रास त्याच पट्ट्यात आहे.

आता मोटर. ती निर्दोष आहे असं मी म्हटलेलं नाही, तिच्याविरुद्ध पुरावा थोडा आहे एवढंच. भरल्या टाकीवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन चढ चढा. प्रेशर टिकलं तर मोटर इंजिनाची गरज भागवते आहे. पण एक बारकावा राहतो. जेटला धार मिळते ती पंपाच्या पुरवठ्यातूनच. मोटर थकली की पुरवठा कमी होतो, लांब चढावर इंजिन त्यातला बराच भाग ओढून घेतं, आणि उपाशी राहतो तो जेट. म्हणजे अशक्त पंपाचं पहिलं लक्षण टाकी खाली असतानाच दिसू शकतं, भरल्या टाकीवर त्याचा मागमूस नसतो. हा एकच मार्ग असा आहे ज्यानं गॅरेजवाला बरोबर ठरू शकतो. म्हणून प्रेशरबरोबर प्रवाह मोजलाच पाहिजे. लाइन मोजपात्रात सोडून पंप रिलेच्या जागी फ्यूज असलेली जंपर वायर लावून ३० सेकंद चालवा. लहान गाडीच्या पंपानं तेवढ्या वेळात अर्धा लिटर तरी द्यायलाच हवं. चांगला पंप त्याहून बराच जास्त देतो. मोजमाप टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असताना घ्या, नाहीतर कपाचा दोष मोटरच्या माथी जाईल.

प्रवाह कमी आला तरी लगेच मोटर काढू नका. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १४ आणि पंपाला १२.२ मिळत असतील तर वाटेत पावणेदोन व्होल्ट गळताहेत: जळका रिले, गंजलेला अर्थ, सैल झालेली पिन. पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थला अर्धा व्होल्ट, याहून जास्त घट मान्य करायची नाही. क्लॅम्प मीटरनं (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरनं) करंटही बघा. अशा पंपांना साधारण ३ ते ६ अँपिअर लागतात. करंट नेहमीपेक्षा जास्त आणि प्रवाह कमी, म्हणजे पुढे फिल्टर तुंबलाय किंवा मोटर जड फिरतेय. वळणावर प्रेशरबरोबर करंटही एकदम खाली गेला तर मोटर हवेत फिरतेय. पंपाच्या घरघरीवरून मात्र निकाल देऊ नका. टाकी रिकामी असली की आवाज दाबायला पेट्रोल नसतं, चांगला पंपही मोठ्यानं वाजतो.

मॉड्यूल उघडण्यापूर्वी सुरक्षेचं बोललंच पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून हे काम सर्व्हिस पिटवर करायचं नाही. उघड्यावर, सावलीत, बॅटरीची निगेटिव्ह काढून, ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवून करायचं. बल्बचा हँडलॅम्प वापरायचा नाही. मॉड्यूलभोवतीची धूळ झाकण उघडण्याआधीच काढायची. उघडल्यावर तिथे व्हॅक्यूम क्लीनर आणणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. लॉक रिंग सैल करायला पितळी किंवा लाकडी दांडा घ्या, लोखंडावर लोखंड नको.

टाकीत ५-६ लिटर असतानाच उघडा, आणि त्याआधी इंजिन पाच मिनिटं सपाट जागी चालवून बंद करा. आता मॉड्यूल अगदी सरळ, न कलवता, दोन-चार सेंमी उचला आणि कपात डोकावा. कप काठापर्यंत भरलेला असेल तर जेट काम करतोय. कपातली पातळी टाकीतल्याइतकीच, बोटाच्या एका पेराएवढी असेल तर जेट मेलेला आहे. मग पूर्ण वर घेऊन स्वच्छ ट्रेवर धरा. तळातून धार लागली तर झडप किंवा तडा. थेंब-थेंब गळणं चालतं, धार चालत नाही. एका उचलण्यात दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात आणि उघड्या पेट्रोलजवळ वीज जोडावी लागत नाही. काही जण मॉड्यूल बाहेर काढून, पेट्रोलच्या बादलीत ठेवून, बॅटरीला वायरी लावून चालवतात. ते करू नका, कुणाला करू देऊ नका. वायर टेकवताना उडणारी ठिणगी वाफेच्या मधोमध असते.

हातात आल्यावर तळाची जाळी बघा. जाळीबद्दल एक समज पक्का बसलेला आहे: पेट्रोल कमी झालं की तळाचा गाळ ओढला जातो. पंप नेहमी तळातूनच ओढतो, टाकी भरलेली असो की रिकामी. फरक पडतो तो वेगळ्याच कारणानं. ओल्या, स्वच्छ जाळीचा एक कोपरा जरी पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरी तिची बारीक वीण हवेला अडवते आणि पेट्रोल शोषून घेते. जाळी काळ्या-तपकिरी थरानं माखली की तो कोपरा पुरेसं देऊ शकत नाही, मोटर जोर लावते आणि जाळीच्या उघड्या भागातून हवा खेचते. वीण कुठे फाटली असेल तर तेच होतं. जाळी धुऊन पुन्हा लावण्यात अर्थ नाही, नवी घाला.

याआधी कोणी या मॉड्यूलला हात लावला असेल तर मला सगळ्यात जास्त संशय तिथेच येतो. कप टाकीच्या तळाला टेकून राहावा म्हणून वरच्या झाकणापासून दोन स्प्रिंगवाल्या दांड्या त्याला खाली दाबत असतात. दांडी गंजून अडकली, स्प्रिंग घालायचं राहून गेलं, किंवा फ्लोटची दांडी टाकीतल्या पडद्यात अडकली, की कप अधांतरी लटकतो. २ सेंमी वर राहिला तर वरच्या हिशोबानं ६ लिटर पेट्रोल त्याच्या आवाक्याबाहेर गेलं. झाकण हातानं दाबून सोडा, कप प्रत्येक वेळी सहज मागे येऊन पूर्ण लांबीला गेला पाहिजे. तसंच फक्त मोटर बदलून घेतलेली असेल तर नवी मोटर जुन्याइतकीच लांब आहे का आणि जाळी त्याच आकाराची आहे का ते बघा. दुसऱ्याच आकाराची जाळी दुमडून बसते आणि तळाला टेकत नाही. मोटरपासून झाकणापर्यंतचा नागमोडी पाइप वाकवून बघा. भेग पडली असेल तर प्रेशर टाकीतच वाया जातं. ही भेग पेट्रोलच्या पातळीच्या वर असेल तर गाडी उभी असताना लाइन रिकामी होते आणि सकाळी लांबलचक स्टार्टर मारावा लागतो.

जेटचं छिद्र तुंबलं असेल तर बारीक हवेच्या दाबानं, उलट्या दिशेनं फुंकून बघता येतं. सुई घालू नका. छिद्र मोठं झालं की धारेत जोर राहत नाही आणि वर प्रेशरही गळतं. पूर्वी कुणी झाकणाला सीलंट लावलं असेल तर त्याचे तुकडे हमखास इथे सापडतात. झाकणाच्या रबरी रिंगला सीलंट लागत नाही. जुनी रिंग पेट्रोलनं फुगलेली असते, ती पुन्हा बसत नाही, म्हणून नवी घ्यायची आणि खुणा जुळवून बसवायची. कपाला तडा असेल तर एम-सील किंवा गोंद पेट्रोलमध्ये टिकण्याचा भरवसा नाही, तिथे पूर्ण मॉड्यूलच घ्यावं.

टाकीच्या श्वासाचा मार्ग बंद असण्याची शंका अशा वेळी हटकून काढली जाते, कारण पेट्रोल भरायचं झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. पण तो दोष उलट वागतो. भरल्या टाकीत वर हवेची जागा दोन-तीन लिटरच असते, थोडं पेट्रोल गेलं तरी आत ओढ लवकर तयार होते. रिकाम्या टाकीत हवा ३० लिटर असते, तेवढीच ओढ तयार व्हायला खूप जास्त पेट्रोल जावं लागतं. तुमचा त्रास टाकी भरल्यावर थांबतो, म्हणून हा धागा सोडून द्या.

पाण्याचं मात्र बघा, विशेषतः पावसाळ्यात. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडंफार पाणी सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाला बसतो, नेमका जाळीजवळ. टाकी भरलेली असताना तोच थर जास्त पेट्रोलमध्ये ढवळला जातो, कमी असताना त्याचं प्रमाण वाढतं. तळातून काढलेला नमुना काचेच्या बाटलीत अर्धा तास न हलवता ठेवा. मध्ये रेषा दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या. वर नवीन पेट्रोल भरून निभावून नेऊ नका.

काही गाड्यांची टाकी खोगिरासारखी दोन भागांत असते, मधून शाफ्ट जातो. बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ई९० पिढीची टाकी अशी आहे. तिथे दुसऱ्या बाजूचं पेट्रोल पंपाकडे आणायला आणखी एक जेट असतो. तो बंद पडला की एका बाजूला दहा-बारा लिटर अडकून राहतं, काटा पाव दाखवतो आणि गाडी सपाट रस्त्यावरही कोरडी पडते. दोन्ही बाजूंच्या फ्लोटची रीडिंग स्कॅनरवर वेगवेगळी दिसतात, त्यामुळे हे ओळखणं सोपं.

हाच त्रास डिझेलच्या गाडीला असेल आणि तिच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल, तर विचाराची दिशा बदलते. तिथे पुढचा हाय-प्रेशर पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढतो. टाकीत उतरलेल्या नळीला मध्यावर भेग पडली, तर डिझेल त्या भेगेच्या वर असेपर्यंत काही कळत नाही. पातळी भेगेखाली गेली की नळी हवा ओढते, मग चढ असो की सपाट रस्ता. दर वेळी काट्याच्या ठरावीक खुणेवर त्रास सुरू होणं ही याची ओळख. फिल्टरच्या आधी पारदर्शक होजचा तुकडा जोडून बुडबुडे बघा, मग तोच होज बाहेर ठेवलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये सोडा. बुडबुडे थांबले तर दोष टाकीच्या बाजूला, चालू राहिले तर फिल्टरच्या जोडात किंवा हँड प्रायमरमध्ये. जुन्या कार्बुरेटरच्या मारुती ८०० लाही हाच नियम, कारण तिचा पंपही इंजिनावर बसून ओढणारा होता.

सीएनजी बसवलेल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगतो. पेट्रोल रिझर्व्हवर ठेवून महिनोन्‌महिने गॅसवर चालवणारे खूप आहेत. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप चालूच राहतो, फक्त इंजेक्टर बंद केलेले असतात. पंपाची मोटर थंड राहते ती तिच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलनं. तेच दोन-तीन लिटर दिवसभर फिरत राहिलं तर ते तापतं, आणि चढावर हवा ओढली गेली की मोटर कोरडी फिरते. गाडी गॅसवर असताना पंपाच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावा. करंट दिसला तर किट बसवणाऱ्याकडून गॅस मोडमध्ये पंप बंद करणारा रिले घालून घ्या. तोवर टाकीत ८-१० लिटर असू द्या. अशा गाडीत मोटर खरोखर गेलेली असण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून प्रवाहाची चाचणी आधी घ्या.

दुरुस्तीनंतर टाकी फुल्ल करून ‘आता ठीक आहे’ म्हणू नका, ती भरल्यावर आधीही ठीकच होती. ६ लिटर ठेवून त्याच मैदानात त्याच फेऱ्या, गेज लावून. दोन्ही दिशांना सुई जागची हलली नाही की गेज काढा, क्विक कनेक्टर ओढून पक्का बसल्याची खात्री करा, आणि इंजिन चालू ठेवून जोडाखाली कोरडा कागद धरून गळती बघा. सीट बसवण्याआधी मॉड्यूलच्या झाकणाभोवतीही तसाच कागद फिरवा, आणि ही एक तपासणी टाकी पूर्ण भरल्यावर पुन्हा करा, कारण झाकणाच्या रिंगपर्यंत पेट्रोल पोहोचतं ते तेव्हाच.